पायऱ्यांच्या गावातला स्टुडिओ

ओनोमिची स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच पाणी दिसतं. समुद्रच आहे, पण अरुंद. पलीकडच्या मुकाइशिमा बेटावरची माणसं सायकलवरून जाताना दिसतात. मधलं पाणी जेमतेम दोन-तीनशे मीटर. छोटी फेरीबोट येते, सायकली आणि शाळेची मुलं उतरतात, तेवढीच चढतात, बोट परत फिरते. पाच मिनिटांचा प्रवास. बेटावर जहाजं बांधण्याची, दुरुस्त करण्याची गोदी आहे. तिथून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज पाण्यावरून येतो, थांबतो, पुन्हा येतो.

जूनचा शेवट. जपानचा पावसाळा ऐन भरात आहे. पाऊस नुकताच थांबला आहे. हवा ओली, जड. शर्ट पाठीला चिकटला आहे. हिरोशिमा प्रांतातलं हे बंदराचं जुनं गाव. 1169 पासून इथे जहाजं लागतात, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या मोठ्या बॉम्बहल्ल्यांतून ते वाचलं. म्हणून डोंगराकडे मान वळवली की कौलांवर कौलं दिसतात. लाकडी घरं, देवळं, पुन्हा घरं, अगदी माथ्यापर्यंत. रस्ता मात्र कुठे दिसत नाही.

मला घ्यायला आलेल्या बाई पन्नाशीच्या आहेत. लाकडावर कोरून छपाई करतात. बोटांच्या पेरांत काळी शाई मुरलेली. वर कलाकारांनी येऊन राहायचं, काम करायचं एक घर आहे. मी तिथेच राहायला आलो आहे. ते त्या आणि आणखी तीन कलाकार मिळून चालवतात. पाठीवर लाकडी चौकट बांधून आल्या आहेत. माझी बॅग बघतात, तिची चाकं बघतात.

"चाकांचं काम इथे संपलं," त्या म्हणतात, आणि बॅग उचलून चौकटीला दोरीने बांधायला लागतात. मी हात पुढे करतो. "तुम्ही कागदाची नळी घ्या," त्या सांगतात. "ती पडली तर तुमचंच नुकसान."

रेल्वेचं फाटक खाली येतं. घंटा वाजत राहते. आम्ही थांबतो. आमच्याबरोबर भाजीची पिशवी घेतलेले एक आजोबा, दप्तरवाली दोन मुलं, एक पोस्टमन. लोकल अगदी हाताच्या अंतरावरून जाते. रुळांच्या पलीकडे पाऊल टाकलं की थेट देवळाच्या पायऱ्या. इतक्या जवळ रूळ कसे, असं वाटतं. खरं तर देवळं आधीची, रूळ नंतरचे. 1891 साली रेल्वे इथे आली तेव्हा डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये जागाच नव्हती. रुळांच्या वाटेतली घरं उठली आणि माणसं वर सरकली, देवळांच्या जमिनींमधून वाट काढत. श्रीमंत व्यापाऱ्यांनीही समुद्र दिसेल अशी हवेशीर घरं चढावर बांधली. त्यातल्याच एका घराकडे आपण निघालो आहोत.

पायऱ्या ग्रॅनाइटच्या आहेत. मधोमध झिजलेल्या, ओल्या, काही ठिकाणी शेवाळलेल्या. एका बाजूला दगडी बांध, दुसऱ्या बाजूला कुणाचं तरी स्वयंपाकघर. खिडकीतून मिसो सूपचा वास येतो. वाट दोन माणसं शेजारून जातील एवढीच. वरून कुणी आलं की एकाने भिंतीला टेकून उभं राहायचं, मान लववायची. निळी-जांभळी हायड्रेंजिया दगडांतून बाहेर झुकली आहे. मांजरं आहेत, पुष्कळ. ती वाट देत नाहीत.

एका वळणावर दम खायला थांबतो. समोर तीन मजली मनोरा आहे, मागे पाणी. तेन्नेइ-जी देवळाचा हा मनोरा 1388 सालचा. बांधला तेव्हा पाच मजली होता. वरचे मजले खिळखिळे झाले तेव्हा, 1692 मध्ये, ते उतरवले आणि तीन मजल्यांवर नवं छप्पर घातलं. तसाच तो आजवर उभा आहे. बाई बॅगेसकट टेकून उभ्या आहेत. इथे येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला त्या या मनोऱ्यापाशी थांबवतात. म्हणतात, "आम्हीही हेच करतो. जेवढं सांभाळता येईल तेवढं ठेवतो."

घर येतं तेव्हा आधी फक्त फाटक दिसतं. मग दोन मजली लाकडी घर, काळपट पडलेल्या फळ्या, करडी कौलं. कधीकाळी इथे छोटी खानावळवजा राहण्याची सोय होती. प्रवासी उतरायचे. खोल्यांच्या दारांवर फुलांची नावं अजून आहेत. दारात गेन्कान, म्हणजे आत शिरल्यावरची खोलगट जागा. इथे बूट काढायचे, टाचा आतल्या बाजूला करून ठेवायचे, मग एक पायरी वर. बॅगेची चाकं ओल्या फडक्याने पुसली जातात. लाकडी फरशीवर सपाता चालतात. चटईच्या खोलीत सपातासुद्धा नाहीत. संडासाच्या सपाता वेगळ्या, त्या तिथेच राहतात. हे कुणी तीनदा सांगत नाही. एकदा सांगतात आणि मग तुमच्या पायांकडे लक्ष ठेवतात.

माझी खोली वरच्या मजल्यावर, सहा तातामींची. जपानमध्ये खोली चटयांवर मोजतात. एक तातामी साधारण सहा फूट लांब, तीन फूट रुंद. म्हणजे सहा तातामींच्या खोलीत एक माणूस, त्याचं अंथरूण, एक बुटकं टेबल आणि कामाचा पसारा नीट मावतो. खाट नाही, खुर्ची नाही. भिंतीतल्या कपाटात गादी, पांघरूण, उशी. कपाटाचं सरकतं दार लावलं की खोली रिकामी. चटईला कोरड्या गवताचा वास आहे. हे गवत म्हणजे इगुसा. जपानात पिकणारं इगुसा आता बहुतेक दक्षिणेकडच्या कुमामोतो प्रांतातून येतं. पण हा बिंगोचा मुलूख, या भागाचं हे जुनं नाव. इथल्या चटयांचा पृष्ठभाग, बिंगो-ओमोते, एकेकाळी देशभर नावाजलेला होता. खिडकीपाशी अजून तशा दोन चटया आहेत. पिवळ्या पडल्यात, पण वीण घट्ट आहे. त्यांच्यावर कुणी रंग उघडत नाही.

"सकाळी उठल्यावर गादी उचलायचीच," बाई सांगतात. "या दिवसांत दोन दिवस अंथरलेली राहिली तर खाली बुरशी." दाराशी एक लांब चिमटा टांगला आहे. तो गोमींसाठी. हातभर नसतात, पण वीतभर असतात.

खाली उतरू या. स्टुडिओ तिथे आहे.

तीन खोल्यांमधली सरकती दारं काढून घेतली आहेत. फुसुमा म्हणतात त्यांना. लाकडी चौकटीवर जाड कागद. खोबणीतून उचलली की भिंत नाहीशी होते. तीन खोल्यांचं एक दालन झालं आहे. तातामी उपटून कोपऱ्यात उभ्या रचल्या आहेत, मध्ये वर्तमानपत्रं घालून. खालच्या खडबडीत फळ्या उघड्या. त्यांवर निळी ताडपत्री. दालनाच्या कडेने एनगावा, आपल्याकडच्या पडवीसारखी लांब फळ्यांची वाट, बागेकडे उघडी. बाग म्हणजे एक लोकाटचं झाड, दोन दगड आणि पन्नास पावलांवर शेजाऱ्याचं छप्पर. त्याच्यापलीकडे पाणी.

उजेड पाहावा तो इथला. शोजीतून, म्हणजे पातळ पांढऱ्या कागदाच्या सरकत्या दारांतून गाळून येतो. हाताची सावली चित्राच्या कागदावर पडत नाही. सकाळपासून चारपर्यंत उजेड जवळजवळ बदलत नाही. चित्र काढणाऱ्याला यापेक्षा काय हवं? पाऊस आला की शोजीचा कागद सैल पडतो, बोट लावलं तर हलतो. ऊन आलं की पुन्हा ताणला जातो. बाहेर न बघता हवा कळते.

भिंतीला मात्र हात लावायचा नाही. बांबूच्या पट्ट्यांची जाळी, तिच्यावर भाताचा पेंढा मिसळलेली माती, वर बारीक वाळूचा लेप. चिकटपट्टी लावून ओढली की लेप सुटून येतो. खिळा ठोकला तर माती गळायला लागते. मग चित्र लावायचं कुठे? खांबाखांबांना जोडणारी एक आडवी लाकडी पट्टी दारांच्या वर खोलीभर फिरते. तिला नागेशी म्हणतात. तिच्यावर लोखंडी आकडे अडकवायचे, आकड्यांतून दोरा सोडायचा, दोऱ्याला चिमटे. चित्रं हवेत लटकतात, वारा आला की हलतात. इथे राहून गेलेल्या पुष्कळांची चित्रं म्हणूनच लांबट आणि हलकी झालेली दिसतात. घर असं कामात शिरतं. कुणी ठरवून करत नाही.

तेलरंग इथे चालत नाहीत. टर्पेंटाइनचा वास कागदाच्या दारांत आणि गवतात बसला की महिनोन् महिने जात नाही. दुसरं कारण आगीचं. घरं लाकडाची, एकमेकांना खेटून, आणि आगीचा बंब या पायऱ्या चढू शकत नाही. एनगावाच्या टोकाला पाण्याने भरलेल्या लाल बादल्या आहेत. रोज सकाळी त्यातलं पाणी कुणीतरी बघतं.

आम्ही चौघं राहणारे. तैवानहून आलेली एक कुंभारकाम करणारी मुलगी. फिनलंडची एक विणकर, साठीच्या पुढची. ओसाकाचा एक तरुण, जो सायनोटाइप करतो. कागदाला लोहक्षारांचं मिश्रण लावायचं, त्यावर वस्तू ठेवायची, उन्हात धरायचं, पाण्यात धुवायचं. ऊन लागलं तिथे निळा, झाकलं तिथे पांढरा. त्याला ऊन हवं आहे. ते मिळत नाही. लेप लावलेले कागद काळ्या पिशवीत ठेवून तो एनगावावर बसून आहे. ढग सरकले की उठतो. चार पावलं जातो. ढग परत येतात. तो परत बसतो. चिडत नाही. वाट बघता बघता लोकाटच्या पानांच्या शिरा वहीत काढतो आहे, आणि मला त्या रेषा त्याच्या निळ्या कागदांइतक्याच आवडू लागल्या आहेत.

माझी शाईसुद्धा वाळत नाही. घरून आणलेला सुती हातकागद या हवेत पाणी पिऊन फुगतो, रेघ पसरते. बाई शेल्फमधून कोझो नावाच्या झाडाच्या सालीचा कागद काढून देतात. डोंगरापलीकडच्या शिमाने प्रांतातला, सेकिशू. 2014 साली युनेस्कोच्या यादीत गेलेल्या तीन हातकागदांपैकी हा एक. कोझोच्या सालीतले तंतू लांब असतात, त्यामुळे भिजला तरी फाटत नाही. शाई त्याच्यात पसरते, पण एका हद्दीत थांबते. मी एक पातळ थर देतो आणि बसतो. घरी अर्ध्या तासात दुसरा थर देता येतो. इथे दुपार जाते.

दुपार जाते म्हणजे रिकामी जात नाही. स्वयंपाकघराच्या दारावर तक्ता आहे. स्वयंपाक, भांडी, न्हाणीघर, कचरा, आणि शेवटचा रकाना, घराचं काम. प्रत्येक नावापुढे खूण. इथे कुणाला मानधन मिळत नाही. राहणारा आपला खर्च भरतो, त्यातून वीज, पाणी, गॅस आणि फुटलेली कौलं भागतात. घर भाड्याचं. मालकाची मुलं मोठ्या शहरात, ती परत येणार नाहीत. भाडं नाममात्र आहे, अट एकच, घर पडू द्यायचं नाही.

शनिवारी सकाळी रकान्यात सगळ्यांच्या नावापुढे एकच खूण असते. पोती.

वरच्या वळणावर एक घर रिकामं करायचं आहे. छताचा एक कोपरा बसला आहे. कौलांखालची माती, भिंतीची माती, कुजलेले वासे, सगळं खाली नेऊन टाकायचं. ट्रक रुळांच्या अलीकडे उभा. वर येणार कसा? म्हणून माणसांची साखळी. वरच्या दारापासून खालपर्यंत, दर चार-पाच पायऱ्यांवर एक जण. तीसेक माणसं. कॉलेजची पोरं, बेकरीवाला, देवळातले एक तरुण भिक्षू, आम्ही चौघं, रविवारी फिरायला येतात तसे कुठून कुठून आलेले लोक. गळ्यात टॉवेल, हातात सुती मोजे. पहिलं पोतं निघतं.

"हाय!" वरचा म्हणतो, म्हणजे जपानीत हो, आणि पोतं देतो. "हाय!" खालचा म्हणतो आणि घेतो. हाय, हाय, हाय, आवाज पायऱ्यांवरून उतरत जातो. पोतं अर्धंच भरलेलं असतं, पण माती ओली आहे. दहाव्या पोत्याला दंड भरून येतात. विसाव्याला लय सापडते. हातांना कळतं, घ्यायचं, वळायचं, द्यायचं. मोज्यांतून माती झिरपते. मातीत पेंढ्याचे तुकडे आहेत, कुणी तरी शंभर वर्षांपूर्वी पायांनी तुडवून मिसळलेले. घाम डोळ्यांत जातो. खालून वर येताना रिकाम्या पोत्यांच्या गुंडाळ्या येतात, बार्लीच्या थंड चहाची किटली येते, मिठाच्या गोळ्या येतात. रेल्वेफाटकाची घंटा वाजते, तेवढा वेळ खालची टोळी थांबते. मग वरपर्यंत सगळेच थांबतात. पोतं पोटाशी धरून उभे.

अशा थांब्यात शेजारचा सांगतो. या चढावर आणि आसपास, स्टेशनपासून दोन किलोमीटरच्या आत, पाचशेहून जास्त घरं रिकामी आहेत. देशभर म्हणाल तर 2023 च्या सरकारी पाहणीत 90 लाख. शंभरातली जवळजवळ चौदा. माणसं म्हातारी होत चालली आहेत, शंभरातली 29 पासष्टीच्या पुढची. मुलं शहरात. पण चढावरच्या घरांचं दुखणं आणखी वेगळं आहे. 1950 च्या इमारत कायद्याप्रमाणे नवं घर बांधायचं तर जमिनीची निदान दोन मीटर कड चार मीटर रुंद रस्त्याला लागलेली हवी. इथे रस्ताच नाही. म्हणजे घर पाडलं तर त्या जागी दुसरं उभं राहू शकत नाही. पाडण्याचा खर्च सपाटीवरच्या कितीतरी पट, कारण प्रत्येक वासा खांद्यावरून उतरवायचा. शिवाय घर उभं असेल तर त्याखालच्या छोट्या प्लॉटवरचा कर ज्या रकमेवर लागतो ती सहावा हिस्सा धरतात. पाडलं की सवलत गेली. म्हणून घरं विकत नाहीत, पाडत नाहीत, राहत नाहीत. उभी राहतात आणि हळूहळू बसतात.

फाटक उघडतं. "हाय!"

घरातून निघालेल्या चांगल्या वस्तू वाटेवर मांडल्या आहेत. पायाचं शिवणयंत्र. साकेचे कप, एकात एक. लाल चामड्याचं शाळेचं दप्तर. किमोनोंची पेटी, कापूर घातलेली. शेजारी पाटी, हवं ते घेऊन जा. विणकर बाई गुडघ्यांवर बसून किमोनोच्या अस्तराचं कापड उजेडात धरते. कितीतरी वेळ बघते. तिचं इथलं काम आता त्याच कापडांच्या पट्ट्यांवर सुरू होणार, हे तिच्या बोटांवरून कळतं. तैवानची मुलगी कौलांखालची माती मुठीत दाबून बघते. छोटा डबा भरून घेते. भाजून पाहायची आहे.

पाच वाजता साखळी सुटते. सगळे एकमेकांना वाकून नमस्कार करतात. "ओत्सुकारेसामा" म्हणतात, दिवसभर राबलेल्या माणसाला म्हणतात तसं. खाली ट्रकाची मागची बाजू टेकली आहे इतका तो भरला आहे.

संध्याकाळी सेन्को-जीची घंटा वाजते. डोंगराच्या वरच्या अंगाला, खडकांत अडकवल्यासारखं हे देऊळ आहे. घंटेचा आवाज छपरांवरून खाली येतो, पाण्यावर जातो, बेटाला लागून परत येतो. 1996 साली जपानने जपून ठेवण्यासारखे शंभर आवाज निवडले, त्यांत हा आहे. गोदीतलं लोखंड तेव्हा थांबलेलं असतं.

न्हाणीघराबाहेर चिठ्ठी लावली आहे. नावांची रांग. जपानी पद्धत अशी की आधी बाहेर बसून अंग घासून धुवायचं, मग गरम पाण्याच्या टबात उतरायचं. टबातलं पाणी सगळ्यांचं एकच, त्यामुळे त्यात साबण नाही. पाहुणा पहिला, म्हणून आज माझं नाव वर. मी ते खाली करून बाईंचं वर लिहितो. त्या येतात, बघतात, खोडून पुन्हा जसं होतं तसं करतात. "पाणी तापवणारा गॅस माणसाच्या पाठीवरून आलाय," त्या म्हणतात. "गरम आहे तोवर जा." खरंच, सकाळी एक माणूस सिलिंडर खांद्यावर घेऊन चढताना दिसला होता. पार्सलवाला तसाच, पोस्टमन तसाच. या चढावरची प्रत्येक वस्तू कुणीतरी उचलून आणलेली आहे. टबात खांद्यापर्यंत बुडून बसलं की दंड हलके होतात.

स्वयंपाकाची पाळी माझी आहे. वरण-भात करतो. इथला तांदूळ चिकट, गोळा होणारा. त्यावर तूप-हिंगाचं वरण छान धरतं. ओसाकाचा मुलगा तीनदा घेतो. शेजारच्या आजी वर्तमानपत्रात गुंडाळलेली लोकाटं घेऊन दारात उभ्या. आत येत नाहीत, गेन्कानच्या पायरीवर टेकतात. नव्वदीच्या घरात. या घरात पाहुणे उतरायचे ते त्यांनी पाहिलं आहे. मधली वर्षं इथे रात्री दिवा नव्हता. "दिवा लागतो हे बरं आहे," त्या म्हणतात. "पायऱ्या दिसतात." मग विचारतात, किती दिवस राहणार. ऐकून मान हलवतात. सगळेच जातात, हे त्यांना ठाऊक आहे. तरी लोकाटं दरवेळी येतात.

मुक्काम संपत आला की दालन एका संध्याकाळी शेजाऱ्यांसाठी उघडतं. उद्घाटन नाही, भाषण नाही. गेन्कानमध्ये चपला-बुटांची दाटी. खांबांमधल्या आकड्यांवर कागद. विणकर बाईंच्या किमोनोच्या पट्ट्या दोन खांबांमध्ये ताणलेल्या. तोकोनोमा, म्हणजे पाहुण्यांच्या खोलीतला कोनाडा, तिथे तैवानच्या मुलीने भाजलेले लहान वाडगे. छपराची माती भाजून विटकरी झाली आहे, तडे गेले आहेत. तडे तिने तसेच ठेवले. ओसाकाच्या मुलाला शेवटी ऊन मिळालं. लोकाटची पानं निळ्यात पांढरी. लोक जमिनीवर बसून बघतात, त्यामुळे सगळी चित्रं नेहमीपेक्षा खाली टांगली आहेत. नजर तिथे असते. बेकरीवाला वाडग्यापाशी कितीतरी वेळ बसतो. "हे आपण उचललेलं," तो बायकोला सांगतो.

मी मोठमोठ्या संग्रहालयांतून उभा राहिलो आहे. तिथली शांतता वेगळी. इथे बघणाऱ्याच्या हाताला त्या मातीचं वजन माहीत आहे. चित्र बघण्याची याहून चांगली तयारी मला तरी माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी आवराआवर. ताडपत्री धुवून एनगावावर वाळत. ब्रश धुतलेलं पाणी डब्यात स्थिरावू द्यायचं, खालचा गाळ वर्तमानपत्रावर काढायचा, वाळला की जळाऊ कचऱ्यात. मोरीत ओतायचा नाही. कचरा वर्गवार पिशव्यांत, त्या त्या दिवशी, सकाळी, पायऱ्या उतरून खाली. तातामी परत आपापल्या जागी बसतात. कुठलीही कुठेही बसत नाही, प्रत्येकीच्या पाठीवर जागा लिहिलेली आहे. शोजीच्या कागदाला कुणाच्या तरी कोपराची खोच लागली आहे. तिथे फुलाच्या आकाराचा कागद कापून खळीने चिकटवायचा. जुन्या शोजींवर अशी फुलं जागोजाग आहेत. आधीच्या मुक्कामींची. एक मी लावतो.

जायचं मनात असेल तर काही गोष्टी सांगून ठेवतो. जपानमध्ये अशी कलाकारांनी चालवलेली लहान घरं अनेक आहेत. ओनोमिचीच हवं असं नाही. विचारताना फी किती, एवढंच विचारू नका. रस्ता घरापर्यंत येतो का, स्टुडिओ राहत्या खोलीतच आहे की वेगळा, भिंतीला खिळा चालतो का, ओलं काम वाळवायला जागा आहे का, हेही विचारा. जलरंग, शाई, ऊन यांवर काम असेल तर जून आणि जुलै टाळा. ऑक्टोबर-नोव्हेंबर कोरडे असतात. जड कॅनव्हास नेऊ नका, गुंडाळता येईल तेवढंच न्या. चाकांच्या बॅगेऐवजी पाठपिशवी घ्या. आणि अर्जात कामाचे फोटो, शिक्षण, प्रदर्शनं हे सगळं लिहून झालं की खाली आणखी एक ओळ स्वतःहून घाला: सुतारकाम, शिवण, स्वयंपाक, गवंडीकाम, ओझं उचलणं, यातलं काय येतं ते. त्या घरांना माणसं कमी पडत आहेत.